गायरान संपते तेव्हा नेमके काय संपते? सामायिक निसर्ग आणि माणसाचा स्वभाव

गायरानावरील अतिक्रमणांची बातमी महाराष्ट्राला नवी नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यभरातील गायरानांवर दोन लाखांहून अधिक बांधकामे उभी असल्याचे समोर आले. त्यानंतर गावोगावी नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले, कारवाई कुठे पुढे गेली आणि कुठे थांबली. या सगळ्या गदारोळात चहाच्या टपरीपासून वर्तमानपत्रांतील लेखांपर्यंत एक वाक्य मात्र सारखे ऐकू येत राहिले : ‘जे सगळ्यांचे, ते कुणाचेच नाही, माणूस मुळातच स्वार्थी, तो असेच करणार.’

हे वाक्य व्यवहारज्ञानासारखे वाटते. प्रत्यक्षात तो मानवी स्वभावाविषयीचा एक मोठा तात्त्विक दावा आहे, आणि जंगल, पाणी, कुरण यांविषयीची कितीतरी धोरणे त्याच्यावर उभी आहेत. म्हणून तो खरा आहे की नाही हे नीट तपासणे आवश्यक आहे.

गायरान म्हणजे काय, आणि ‘सामायिक’ म्हणजे काय

गावाच्या हद्दीतील जी जमीन गुरे चारण्यासाठी राखून ठेवलेली असते, तिला आपण गायरान म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम २२ नुसार अशी जमीन मोफत चराईसाठी, तसेच स्मशानभूमी, गावठाण यांसारख्या गावाच्या गरजांसाठी नेमून देता येते. मालकी सरकारची, उपयोग गावाचा आणि देखरेख ग्रामपंचायतीची, अशी ही तिहेरी व्यवस्था आहे.

अशा गोष्टींना अभ्यासक ‘सामायिक संसाधन’ म्हणतात. त्याची खूण दोन गोष्टींत आहे. एक, त्याच्यापासून कुणाला दूर ठेवणे अवघड असते. दोन, एकाने जेवढे घेतले तेवढे दुसऱ्यासाठी उरत नाही. सूर्यप्रकाशाला पहिली खूण लागू पडते पण दुसरी नाही, कारण मी उन्हात बसलो म्हणून तुमचे ऊन कमी होत नाही. गायरानातील गवत, नदीतील मासे आणि जमिनीखालचे पाणी यांना मात्र दोन्ही खुणा लागू पडतात, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

शंभर शेळ्यांचे गणित

समजा, एका गावात दहा घरे आहेत आणि गायरानात शंभर शेळ्या पोटभर चरू शकतात. प्रत्येक घराच्या दहा शेळ्या असतील तर गवत दर पावसाळ्यात पुन्हा येते. आता एका घराने अकरावी शेळी आणली. तिचे दूध, तिची करडे, तिच्या विक्रीचे पैसे हे सगळे त्या एकाच घराचे. तिने खाल्लेल्या गवताचा तोटा मात्र दहा घरांत वाटला जातो, म्हणजे तिच्या मालकाच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्सा येतो. हिशेब उघड आहे : शेळी आणणे फायद्याचे. पण हाच हिशेब उरलेली नऊ घरेही करू शकतात, आणि प्रत्येकाने शहाणपणाने वागूनही गायरानाचा माळ होतो.

हे गणित ऑक्सफर्डमधील विल्यम फॉर्स्टर लॉइड यांनी १८३३ मध्ये मांडले होते. ते जगभर पोहोचवले अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी, डिसेंबर १९६८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधातून. त्या निबंधाचा मूळ विषय लोकसंख्यावाढ होता, कुरण हे त्यातले केवळ उदाहरण. लोकांच्या लक्षात मात्र कुरणच राहिले. सामायिक गोष्टींना मुक्त स्वातंत्र्य दिले की सर्वांचा नाश होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. वाचकांनी त्यातून दोनच वाटा घेतल्या : एक तर जमिनीचे तुकडे करून खासगी मालकी द्या, नाहीतर सरकारने ताबा घेऊन बंधने घाला.

या निष्कर्षाच्या मागे एक जुना विचार उभा आहे. इंग्लंड यादवी युद्धातून बाहेर पडत असताना, १६५१ मध्ये, थॉमस हॉब्ज यांनी असे मांडले होते की, सर्वांना धाकात ठेवणारी सत्ता नसेल तर माणसांची अवस्था म्हणजे प्रत्येकाचे प्रत्येकाशी युद्ध. ज्याच्या हयातीत देश असा फुटला, त्याला असे वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु युद्धात दिसलेला माणूस हाच मूळ माणूस, असे गृहीत धरणे ही वेगळी गोष्ट आहे.

गणितात बसवलेला माणूस

शेळ्यांच्या गणितातील बेरीज-वजाबाकी अचूक आहे. शंका घ्यायची ती त्यात बसवलेल्या माणसावर. हा माणूस शेजाऱ्याशी कधी बोलत नाही. त्याला मागच्या वर्षाची आठवण नाही, आणि पुढच्या वर्षी याच लोकांत राहायचे आहे याची जाणीवही नाही. त्याच्या मुलीचे लग्न या गावात कुणाच्या मदतीने होणार नाही. पेरणीच्या घाईत त्याला कुणाचा बैल लागणार नाही. आपल्याकडील खेड्याची ज्याला थोडीशीही ओळख आहे, त्याने सावड पाहिलेली असते. आज तुझ्या शेतात आम्ही राबू, उद्या आमच्या शेतात तू, असा तो व्यवहार असतो आणि त्याचा कागद कुठेही नसतो. इर्जिक घालणे म्हणजे साऱ्या गावाचे औत एकाच्या रानात लावून नंतर एकत्र जेवणे. गणितातील माणसाला हे दोन्ही शब्द कळणार नाहीत.

हीच शंका एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ विदुषीने आयुष्यभर धसास लावली. लोक सामायिक गोष्टी कशा सांभाळतात याची जगभरातील प्रत्यक्ष उदाहरणे त्यांनी गोळा केली, आणि या कामासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या उदाहरणांपैकी एक स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या डोंगराळ गावाचे आहे. हिवाळाभर आपल्या गोठ्यात जितक्या गाई पोसता येतील, त्याहून जास्त गाई उन्हाळ्यात सामायिक कुरणावर कुणी पाठवायच्या नाहीत, असा तिथला नियम; त्याची नोंद १५१७ ची आहे. कुरणाला कुंपण न घालता प्रत्येकाच्या लोभाला त्याच्याच कडब्याच्या गंजीशी बांधून टाकणारा हा नियम मला फार बुद्धिमान वाटतो.

इतक्याच तोलाचे उदाहरण आपल्या खानदेशात आणि बागलाणात आहे, आणि त्याची ओळख मराठी वाचकांना पुरेशी नाही याचे मला वाईट वाटते. पांझरा, मोसम अशा नद्यांवर काही शतकांपूर्वीपासून बंधारे घालून फड पद्धतीची शेती चालत आली. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले असत. असा एक भाग म्हणजे फड. एका फडात एकच पीक, एका वर्षी ऊस तर पुढच्या वर्षी दुसरे, असा फेरपालट ठरलेला. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसून शक्यतो वेगवेगळ्या फडांत विभागलेली असे. पाणी शेतकऱ्याने स्वतः फोडून घ्यायचे नाही. ते पाटकऱ्याने द्यायचे, आणि पाटकऱ्याला सर्वांनी मिळून धान्याच्या रूपाने मोबदला द्यायचा.

आता दुष्काळ पडला तर काय होईल ते पाहा. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा संपूर्ण फडच भिजवायचा नाही असे ठरे. प्रत्येकाची थोडी जमीन त्या फडात असल्यामुळे प्रत्येकाचेच थोडे नुकसान होई, कुणा एकाचे सर्वस्व जात नसे. वरचा शेतकरी पाणी पळवतो आणि खालचा कोरडा राहतो, हे कालव्यांवरील नेहमीचे भांडण या मांडणीत मुळातच सौम्य होते. फड बांधणारी माणसे संत होती असे नाही. माणूस पाणी चोरतो हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच तर पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याच्या हाती होते. पण माणूस फक्त चोरतो, असे त्यांनी मानले नाही.

हार्डिन यांनीही १९९८ मध्ये, मूळ निबंधाला तीस वर्षे झाली तेव्हा, आपल्या सिद्धांताला मर्यादा घातली : नाश होतो तो व्यवस्थापन नसलेल्या सामायिक संसाधनाचा, हे विशेषण आपण आधीच जोडायला हवे होते, असे त्यांनी मान्य केले.

मग माणूस मुळात चांगला आहे का?

हा प्रश्न असा विचारला की उत्तर चुकते. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच हा वाद रंगला होता. विहिरीत पडू लागलेले मूल दिसले की कुणाचेही काळीज हलते, म्हणून माणूस मूळचा चांगला, असे मेन्शियस म्हणाला. वाकडे लाकूड वाफ देऊन आणि दाबून सरळ करावे लागते, तसा माणूसही घडवावाच लागतो, असे शुन्झी म्हणाला. आपल्याकडे कुत्र्याचे शेपूट नळीत घालणारी म्हण शुन्झीच्याही पुढे जाते, कारण तिच्या मते नळीचाही उपयोग नाही.

गेल्या काही दशकांत अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगात आणला. चार अनोळखी माणसांना काही रक्कम दिली जाते. ती स्वतःकडे ठेवता येते किंवा सामायिक डब्यात टाकता येते. डब्यात टाकलेल्या प्रत्येक रुपयामागे चौघांनाही प्रत्येकी ४० पैसे मिळतात. म्हणजे टाकणाऱ्याचे ६० पैसे जातात, पण गटाचा रुपया १ रुपया ६० पैसे होतो. शेळीचे गणित इथे उलटे केलेले आहे. झुरिकमधील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा एका प्रयोगात सुमारे ३० टक्के लोक काहीही झाले तरी डब्यात काही टाकत नव्हते. त्यांना आपण फुकटे म्हणू. परंतु सुमारे निम्मे लोक असे होते की, इतर जितके टाकतील तितके आपणही टाकू, इतरांनी हात आखडला तर आपणही आखडू, अशी त्यांची वागणूक होती. याला ‘सशर्त सहकार’ म्हणतात.

गणपतीची वर्गणी गोळा केलेल्या कुणालाही हे नवीन वाटू नये. पहिल्या वर्षी इमारतीतील बहुतेक लोक देतात. दोन-तीन घरे देत नाहीत, आणि आरतीला, प्रसादाला मात्र येतात. दुसऱ्या वर्षी देणाऱ्यांपैकी काही जण विचारतात, ‘त्यांनी दिली का?’ तिसऱ्या वर्षी वर्गणी निम्म्यावर येते. बाहेरून पाहणारा म्हणेल, बघा, शेवटी सगळे स्वार्थीच. पण देणे थांबवणाऱ्यांच्या मनात शिरून पाहिले तर तिथे लोभापेक्षा अन्यायाची बोचणी अधिक सापडते. ज्याला आपण माणसाचा मूळ स्वार्थ समजतो, तो पुष्कळदा फसवणूक झालेला सहकार असतो. माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

प्रयोगांची दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. फुकट्याला दंड करण्याची सोय दिली, तर लोक स्वतःच्या पदरचे पैसे मोडून तो दंड करतात, आणि डब्यातील रक्कम वाढते. ऑस्ट्रॉम यांना टिकलेल्या व्यवस्थांत हेच दिसले होते : राखणदार वापरणाऱ्यांनीच नेमलेला किंवा त्यांना जबाबदार असतो, पहिल्या चुकीला दंड छोटा असतो, आणि चूक पुन्हा पुन्हा झाली तर तो वाढत जातो. आपल्या कोंडवाड्यामागचे तत्त्व हेच होते. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले जनावर दंड भरल्याशिवाय सुटत नसे, आणि कुणाचे जनावर आत आहे हे साऱ्या गावाला दिसत असे.

इथे मराठी भाषा आपल्याला मदत करते. ‘प्रकृती’ हा शब्द आपण डोंगर-नद्यांसाठीही वापरतो आणि माणसाच्या तब्येतीसाठी व घडणीसाठीही. ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारताना आपण सृष्टीचाच शब्द माणसाच्या शरीराला लावत असतो. सांख्य दर्शनात तर बुद्धी, अहंकार आणि मन हीसुद्धा प्रकृतीचीच रूपे मानलेली आहेत. तसे असेल तर मानवी स्वभाव हा निसर्गाबाहेरचा ठोकळा ठरत नाही, तो बियाण्यासारखा परिस्थितीत उगवतो. एकाच शेतात ज्वारीचेही बी असते आणि तणाचेही. काय तरारून वर येईल हे जमिनीला वाफसा केव्हा आला, मशागत झाली की नाही आणि खुरपणी कुणी केली, यावर ठरते.

‘गावे एवढी शहाणी होती, तर गायराने का संपली?’

हा आक्षेप रास्त आहे. त्याचे एक उत्तर असे की, नियम करण्याचा अधिकार काढून घेतला की नियम पाळण्याची वृत्तीही वाळते. १८७८ च्या आणि नंतर १९२७ च्या वन कायद्याने जंगलांचे मोठे भाग सरकारी राखीव झाले. कालपर्यंत ज्या रानाची गावाने राखण केली, त्यात आज सरपण आणणे गुन्हा ठरला. आपले नसलेले राखण्याचे कारण उरले नाही, आणि वनरक्षक सर्वत्र पोहोचू शकत नव्हता. स्वातंत्र्यानंतरही हा सांधा पुरता जुळला नाही. गायरानाची मालकी सरकारकडे, त्यावरील मोठे निर्णय जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि अतिक्रमण दिसते ते मात्र गावाला. शिवाय बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, गुरे कमी झाली, रस्त्याकडेच्या जमिनीची किंमत वाढली. ज्याच्यावर रोजचे जगणे अवलंबून नाही, ते राखायला कुणी रात्रीचे उठत नाही.

‘आपण सगळे’ म्हणजे कोण?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्या लेखनात तो टाळला जातो. जुनी सामायिक व्यवस्था ज्या ‘सगळ्यां’ची होती, त्या सगळ्यांत सगळे नव्हते. पाणवठा गावाचा होता, पण अस्पृश्य ठरवलेल्यांचा नव्हता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि तरीही चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले गेले, आणि न्यायालयीन लढा १९३७ पर्यंत चालला. पाणी संपेल ही तिथे कुणाची भीती नव्हती. जनावरांना ते मोकळे होतेच.

गायरानाचा प्रश्नही इथेच येऊन भिडतो. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला जमीन आली नाही, त्यांनी पडीक आणि गायरान जमिनी कसायला घेतल्या. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. पुढे १९९१ मध्ये शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची लागवडीसाठीची काही अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. म्हणून ‘अतिक्रमण’ या एकाच शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत : ज्याला वाटाच कधी दिला नाही त्याने पोटासाठी धरलेले दोन एकर, आणि ज्याच्याकडे पुरेसे आहे त्याने हमरस्त्यालगत बांधलेले गाळे. पहिला माणूस फुकट्या नाही. त्याला खेळात घेतलेच नव्हते. जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २८ जानेवारी २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास राज्यांना सांगितले, तेव्हाही भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेले पट्टे, तसेच शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी यांना अपवाद म्हणून जागा ठेवली होती.

सशर्त सहकाराची पहिली अट बरोबरीची असते, असे मला वाटते. ज्याला पाणवठ्यावर यायची बंदी आहे, त्याने तो पाणवठा स्वच्छ राखावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

वाटा मिळाल्यावर काय होते, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. मेंढा-लेखा या गोंड गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणत ग्रामसभा बांधली. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा, स्त्रियांनी सभेत बसायचे आणि बोलायचे, आणि ठरवण्यापूर्वी अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, अशी तिथली रीत. वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गावाला मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, आणि बांबूची विक्री गाव स्वतः करू लागले. सर्वसहमतीची रीत वेळखाऊ आहे हे उघड आहे. परंतु ज्याने नियमाला स्वतः होकार दिला, त्याला तो मोडताना दहा शेजाऱ्यांच्या नजरेआधी स्वतःचा शब्द आडवा येतो.

‘एका गावात जमेल, भूजलाचे आणि हवेचे काय?’

भूजल खरोखर कठीण आहे, कारण ते दिसत नाही. गायरानातील अकरावी शेळी सर्वांना दिसते. शेजाऱ्याची बोअरवेल किती खाली गेली आणि तिने माझ्या विहिरीचे किती पाणी ओढले, हे कुणालाच दिसत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने यावर काढलेला उपाय म्हणजे न दिसणारे पाणी दिसू लागेल अशी सोय. किती पाऊस पडला, किती पाणी मुरले, त्यात माणसे, जनावरे आणि पिके यांना किती लागेल, असा पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो आणि त्यावरून पिके ठरतात. शेतीसाठी बोअरवेल नाही, उसासारखे तहानलेले पीक नाही, ही बंधने गावाने स्वतःवर घालून घेतली. पण त्या शिवाराखालचा खडक शेजारच्या गावात शिरतो तिथे हिवरे बाजारचा ठराव चालत नाही, आणि म्हणून गावांच्या गटाने एकत्र बसण्याशिवाय पर्याय नाही.

हवेच्या बाबतीत ‘गाव’ म्हणजे सारे जग. ओझोनच्या थराला मारक रसायने थांबवण्याचा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला, तो पुढे जगातील सर्व देशांनी स्वीकारला, आणि तो थर हळूहळू सावरतो आहे. तिथे ती रसायने बनवणारे कारखाने थोडे होते आणि पर्याय हाताशी होते. कोळसा आणि तेल यांच्याबाबत तसे नाही, आणि इथे चवदार तळ्याचा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो : ज्यांनी दोन शतके धूर सोडला आणि ज्यांच्या घरात परवा-परवा वीज आली, त्यांची वर्गणी सारखी कशी असेल? देशांच्या परिषदा या वाटपावरच अडतात, आणि ती अडवणूक निव्वळ लोभाची आहे असे मी म्हणणार नाही.

पुन्हा गायरानाकडे येऊ. पुढची नोटीस निघण्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेत अतिक्रमणांची यादी मोठ्याने वाचली जावी : कुणी धरली, केव्हा धरली, किती धरली, त्याच्याकडे दुसरी जमीन आहे की नाही, आणि तिथे काय उभे आहे. ती ऐकायला ज्यांच्याकडे गुरे आहेत तेही हवेत, ज्यांच्याकडे एकही जनावर नाही तेही हवेत, आणि जे त्या जमिनीवर राहतात तेही. यादी कार्यालयात तयार झाली तर गाव ती सरकारचे काम म्हणून पाहील. सर्वांसमोर वाचली गेली, तर कोणते छप्पर राहू द्यायचे आणि कोणता गाळा पाडायचा हे सांगायला गावातलीच माणसे उभी राहतील.